माचीचा चढ आणि चार प्लग

2022 च्या चैत्रात आईला पावागडाला घेऊन निघालो होतो. आमचं दरवर्षीचं ठरलेलं. पहाटे पाचला घर सोडायचं, हालोलला चहा घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत माचीला पोचून रोपवेच्या रांगेत उभं राहायचं. बडोद्यापासून अंतर पन्नासेक किलोमीटर. सपाट रस्त्यावर गाडी अगदी सुतासारखी चालली होती. चांपानेरचा कोट मागे पडला, चढ लागला, मी दुसरा गिअर टाकून अॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीनं धक्का मारला. मग आणखी एक. पुढच्या वळणावर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मागच्या सीटवर आईनं जपमाळ थांबवून विचारलं, "काय रे, देवी नको म्हणतेय का?"

आमची गाडी 2009 सालची, चार सिलिंडरची, सीएनजी किट बसवलेली. मी गॅसचं बटण बंद करून पेट्रोलवर घेतली, तशी धक्के बंद झाले. वर पोचलो, दर्शन झालं. उतरताना इंजिनावर भारच नव्हता, त्यामुळे काही कळलं नाही. पण परतीच्या वाटेवर एका ट्रकला मागे टाकताना गॅसवर पुन्हा तसाच धक्का बसला.

सपाटीवर ठीक, चढावर नाही. पेट्रोलवर ठीक, गॅसवर नाही. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की बोट पहिल्यांदा इग्निशनकडे, म्हणजे ठिणगी पाडून इंधन पेटवणाऱ्या भागांकडे, जायला हवं, हे मला आज कळतं. स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडवायला दहा-पंधरा हजार व्होल्ट लागतात, कधी त्याहूनही जास्त. चढावर इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल जास्त उघडतो, सिलिंडरमध्ये मिश्रण ठासून भरतं, दाब वाढतो, आणि तेवढीच फट ओलांडायला ठिणगीला जास्त जोर लागतो. सीएनजीच्या मिश्रणाला पेट्रोलपेक्षाही जास्त. ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलची ताकद तर तेवढीच. म्हणून प्लग थकला की तो आधी गॅसवर आणि आधी चढावरच उघडा पडतो. लुकलुकणारा दिवाही गंभीर असतो. न जळालेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो महागडा भाग तापून खराब होतो. दिवा लुकलुकत असताना गाडी दामटणाऱ्यांना मी आता थांबवून सांगतो.

आदल्या वर्षी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं होतं. बिलात "स्पार्क प्लग 4" असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पैसेही घेतले होते. म्हणून आधी प्लगवर संशयच आला नाही. एअर फिल्टर बदलला, गॅसचा फिल्टर बदलला, फरक शून्य. शेवटी एका रविवारी स्वतःच बॉनेट उघडलं.

प्लग काढायचं काम मला नवं नव्हतं. बाबांकडे 1984 ची टू-स्ट्रोक स्कूटर होती, आणि डिकीत नेहमी एक जादा प्लग आणि प्लगपाना असायचा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, त्यामुळे प्लग काळा व्हायचा, टोकांच्या मध्ये कार्बनचा केस अडकायचा आणि स्कूटर बंद. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावर बसून बाबा तो प्लग काढायचे, पॉलिश पेपरनं घासायचे आणि मग बारीक कानस घेऊन मधल्या टोकाचा माथा सपाट करायचे. "ठिणगी धारेवरून उडते," असं सांगायचे. बाबांसाठी प्लग म्हणजे मायको. ती कंपनी 1951 साली सुरू झाली आणि 2008 मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण बाबा शेवटपर्यंत मायकोच म्हणत. धारेचं त्यांचं ते वाक्य मला नीट समजायला मात्र पुढली पस्तीस-चाळीस वर्षं लागली.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं होतं. प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे खरवडून निघण्याची भीती. वायरींवर खडूनं 1 ते 4 लिहिलं. वायर ओढायची नाही, रबरी टोपी धरून थोडी पिळायची आणि मग वर घ्यायची. प्लगच्या खळग्यांत धूळ आणि एक वाळकं पान होतं. ते हवा मारून काढलं, नाहीतर प्लग निघताच सगळं सिलिंडरमध्ये.

पहिला निघाला, दुसरा निघाला. तिसरा हलेना. रॅचेटला पाइप लावून जोर लावायचा मोह होतो, पण मी लावला नाही. आटे सुटवायचं तेल खळग्यात चार थेंब टाकलं आणि चहा प्यायला गेलो. तासाभरानं पाव फेरा डावीकडे, कुरकुर ऐकू आली की लगेच उजवीकडे, पुन्हा थोडं तेल. असं पंधरा-वीस मिनिटं. डावीकडे जितकं जातं त्याच्या निम्मं परत यायचं, म्हणजे आट्यांत अडकलेला कचरा मोकळा होतो आणि हेडचे आटे सोबत येत नाहीत. शेवटी तो निघाला, तेव्हा हातापेक्षा मनावरचं ओझं जास्त उतरलं.

चारही प्लग त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडले. नवे बसवलेले नव्हतेच ते. सिरॅमिकवर वर्षानुवर्षांचा तपकिरी डाग होता आणि गॅप, म्हणजे टोकांमधली फट, तारेच्या गेजनं मोजली तर 1.3 मिलिमीटर भरली. मॅन्युअलमध्ये 0.8. बिलावरचे ते चार प्लग कुठे गेले देव जाणे. तारेचं गेज मुद्दाम सांगतोय, कारण झिजलेल्या टोकात खड्डा असतो, पट्टीचं फिलर गेज त्या खड्ड्यावरून आडवं बसतं आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवतं.

रंग सगळ्यांचा फिकट राखाडी, गॅसवर चालणाऱ्या गाडीत असतो तसा. काजळी नाही, ऑइल नाही, म्हणजे इंजिन निरोगी. पण एक गोष्ट विचित्र होती. माझा भाचा तेव्हा कलाभवनात, म्हणजे सयाजीरावांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या आणि आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग असलेल्या त्या तंत्रसंस्थेत, मेकॅनिकल शिकत होता. त्यानं भिंग आणलं आणि म्हणाला, "मामा, हे दोन वेगळे आहेत आणि हे दोन वेगळे." खरंच तसं होतं. 1 आणि 3 नंबरच्या प्लगमध्ये मधलं टोक झिजून घुमटासारखं गोल झालं होतं, वरचा वाकडा पाय, म्हणजे दुसरं टोक, जवळपास शाबूत. 2 आणि 4 मध्ये उलट. मधलं टोक बरं, पण वरच्या पायाच्या पोटाला वाटीसारखा खड्डा.

याचं कारण आमच्या गाडीच्या कॉइलमध्ये आहे. चार सिलिंडरना दोनच कॉइल. एका कॉइलची दोन टोकं 1 आणि 4 ला जातात, दुसरीची 2 आणि 3 ला. ठिणगी दोन्ही प्लगांत एकाच वेळी उडते. एकात मिश्रण पेटतं, दुसऱ्यात त्या क्षणी जळका वायू बाहेर निघत असतो, तिथली ठिणगी वाया जाते. म्हणजे प्रत्येक प्लगला दुप्पट ठिणग्या. शिवाय वीज एका प्लगमध्ये मधल्या टोकाकडून पायाकडे जाते, हेडमधून वळसा घेते आणि दुसऱ्या प्लगमध्ये पायाकडून मधल्या टोकाकडे येते. ऋण बाजूच्या धातूवर मारा जास्त होतो, म्हणून जोडीतल्या एकाचं मधलं टोक खंगतं आणि दुसऱ्याचा पाय. भाच्यानं हे कागदावर बाण काढून दाखवलं, तेव्हा समोर पडलेले ते चार प्लग मला एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखे वाचता आले.

एवढं होऊनही मी खरेदीत चुकणारच होतो. स्टेशनकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, तर काउंटरवर तीन डब्या आल्या. कॉपर, प्लॅटिनम, इरिडियम. साधा साधारण सव्वाशेला, इरिडियम साडेसहाशेच्या आसपास. मी इरिडियमचे चार बांधायला सांगितले. शेजारी आमचे फतेपुऱ्यातले मिस्त्रीकाका उभे होते, क्लच प्लेट घ्यायला आलेले. त्यांनी डबी उघडून एक प्लग माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "नाम नहीं, टोच जुओ. बेउ बाजु."

नाव नको, टोक बघ, आणि दोन्ही बाजूंनी बघ. पाहिलं. मधोमध केसाएवढी बारीक इरिडियमची तार होती, पण समोरचा पाय साध्या निकेलचा, उघडा. माझ्या 2 आणि 4 नंबरच्या सिलिंडरमध्ये झिजतो तो पायच. तिथे हे महागाचे प्लग साध्याइतकेच लवकर संपले असते, आणि मी सगळीकडे सांगत सुटलो असतो की इरिडियममध्ये काही दम नाही.

धातूंबद्दल त्यानंतर मी बरंच वाचलं, मिस्त्रीकाकांनाही छळलं. दुकानदार ज्याला कॉपर म्हणतो, त्याचं टोक तांब्याचं नसतंच. तांबं आत असतं, उष्णता हेडकडे ओढून न्यायला. तांबं 1085 अंश सेल्सियसला वितळतं, ठिणगीसमोर उघडं ठेवलं तर टिकणार नाही. बाहेर दिसतो तो निकेलचा मिश्रधातू, वितळणबिंदू 1455 च्या आसपास, आणि टोक चांगलं अडीच मिलिमीटर जाड, झिजायला माल हवा म्हणून. प्लॅटिनम 1768 ला वितळतं. इरिडियम 2446 ला, आणि ते अतिशय कठीण असतं. त्यामुळे त्याची 0.6, काही प्लगांत तर 0.4 मिलिमीटरची तार टोकावर लेझरनं जोडली तरी ती टिकते.

बाबांचं वाक्य मला इथे समजलं. विजेचा ताण अणकुचीदार जागी एकवटतो, म्हणून ठिणगी धारेवरून उडते. निकेलचं जाड टोक नवं असताना त्याची कड धारदार असते, हजारो किलोमीटरनंतर ती गोल होते, आणि मग तेवढ्याच गॅपला जास्त व्होल्ट लागतात. बाबा कानशीनं ती कड परत आणत होते. इरिडियमची तार इतकी बारीक की ती सगळीच धार आहे. वर ती आचही कमी शोषते, म्हणजे नुकतीच पेटलेली ज्योत थंड टोकाला टेकून विझत नाही. महाग धातूचा फायदा आहे तो असा. त्यानं इंजिनाची ताकद वाढते, मायलेज एकदम चढतं, असं कोणी सांगितलं तर मी मान्य करणार नाही. निरोगी गाडीत नवा साधा प्लग आणि नवा इरिडियम यांत चालवताना मला फरक जाणवला नाही. फरक पडतो तो किती काळ नव्यासारखा राहतो यात.

त्या दिवशी मी साधे निकेलचेच चार घेतले. दोन्ही टोकांना मौल्यवान धातू असलेले दुकानात नव्हते, मागवायला आठवडा लागणार होता, आणि आईला पुढच्या शनिवारी डॉक्टरकडे न्यायचं होतं. हीट रेंजवरून, म्हणजे प्लग किती गरम किंवा थंड राहतो त्या आकड्यावरून, थोडी हुज्जत झाली. मॅन्युअलमध्ये 6 नंबर, दुकानदार म्हणाला 5 पण चालतो. मी 6 च घेतला. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम, त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसरीला लावून कोणी प्लग देत असेल तर घेऊ नये. टोक साधारण 450 ते 850 अंशांत राहायला हवं. त्याखाली कार्बन जळून साफ होत नाही, त्यावर टोक स्वतःच निखारा बनून ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं. गॅसवर तर गरम प्लगचा धोका घेणं मला पटत नाही.

घरी आणल्यावर भाच्यानं मल्टीमीटर लावला. रेझिस्टर असलेल्या प्लगमध्ये वरच्या टोपीपासून मधल्या टोकापर्यंत साधारण पाच किलोओहम दिसायला हवेत. रेडिओत खरखर येऊ नये आणि गाडीच्या कॉम्प्युटरला त्रास होऊ नये म्हणून ते आत घातलेलं असतं. चारही 4.6 ते 5.1 मध्ये आले. बाजारात बनावट प्लग पुष्कळ आहेत, आणि ही तपासणी दोन मिनिटांची आहे. नक्कल ओळखायची ती एकमेव खूण नाही, पण शून्य दिसलं किंवा काहीच दिसलं नाही तर प्लग परत करावा. गंमत म्हणजे जुन्यातल्या 3 नंबरनं, जो निघता निघेना त्यानंच, बेचाळीस किलोओहम दाखवले.

बसवताना एक जुनी युक्ती वापरली. गॅसच्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकाला खोचायचा आणि त्यानं प्लग खळग्यात सोडून बोटांनी फिरवायचा. आटे वाकडे लागले तर नळी घसरते, आटा कापला जात नाही. पान्यानं सुरुवात केली असती तर चूक कळली असती ती आवाज आल्यावर. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलं नाही. मिस्त्रीकाका लावतात, पण प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, आणि वंगण असलं की त्याच टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या तेवढ्याच जोराला, प्लग जरुरीपेक्षा जास्त ताणला जातो. बोटांनी बसेपर्यंत, मग टॉर्क रेंच, आमच्या मॅन्युअलप्रमाणे 25 न्यूटन-मीटर. रेंच नसेल तर नव्या वॉशरच्या प्लगला बोटांनी टेकल्यानंतर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा.

गाडी सुरू झाली तेव्हा आवाज बदललेला होता, एकसारखा. आईनं गॅलरीतून विचारलं, "झाली का बरी?"

पुढलं वर्षभर मी रोज मंजुसरला कारखान्यात याच गाडीनं गेलो. 14 हजार किलोमीटर झाल्यावर, 2023 च्या उन्हाळ्यात, काहीही तक्रार नसताना प्लग काढून बघितले. गॅप 0.8 ची 1.02 ते 1.05 झाली होती. 1 आणि 3 ची कड गोल व्हायला लागली होती, 2 आणि 4 च्या पायाला बोटाच्या नखाला जाणवेल एवढा खळगा. नेमका तोच नमुना, फक्त बालवयातला. आमच्यासारख्या गॅसवरच्या, दोन कॉइलच्या गाडीत साधा प्लग 15 हजारांच्या पुढे ढकलू नये, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

तेव्हाच दुसरा प्रयोग केला. या वेळी आधीच मागवून ठेवलेले, मधे इरिडियमची तार आणि समोरच्या पायावर प्लॅटिनमची टिकली असलेले चार. ही टिकली अगदी एवढीशी, पण तिच्यासाठीच पैसे द्यायचे. गॅप फॅक्टरीतूनच 0.8 ची होती. ती तपासताना गेज मधल्या तारेला टेकवून उचकायचं नाही, तार तुटते किंवा जोड सुटतो. बदलायचीच असेल तर फक्त पाय हलवायचा. आणि पॉलिश पेपर, कानस, तारेचा ब्रश यांतलं काहीही जवळ आणायचं नाही. बाबांची हत्यारांची पत्र्याची पेटी शेजारीच उघडी होती, त्यातली कानस मी उचलली आणि परत ठेवली.

28 हजार किलोमीटरनंतर, 2025 मध्ये, ते चारही काढले. 0.83, 0.82, 0.83, 0.84. भाचा आता पुण्याला नोकरीला आहे, त्याला भिंगाखाली फोटो काढून पाठवला. तारेचा माथा अजून सपाट, कड स्पष्ट. 2 आणि 4 च्या टिकलीवर फक्त एक मंद डाग. त्याचं लगेच उत्तर आलं, "मामा, परत बसवा." वॉशर एकदा दाबले गेलेले होते, म्हणून या वेळी बोटांनी टेकवून अगदी थोडासा, घड्याळाचा काटा एका आकड्यावरून दुसऱ्यावर जाईल एवढाच फेरा दिला.

पैशांचा हिशेब केला तर साधे प्लग वेळच्या वेळी बदलणं आणि हे प्लग लांबवणं यांत फार तफावत निघत नाही. आमच्या गाडीत प्लग वरच आहेत, अर्ध्या तासाचं काम. धाकट्या बहिणीच्या गाडीत मात्र ते इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या, खाली आहेत, तिथे पोचायलाच दीड तास जातो आणि गॅस्केट नवे लागतात. तिला मी डोळे मिटून दोन्ही टोकांचे मौल्यवान घे असं सांगितलं. पण तिची कॉइल प्रत्येक प्लगवर वेगळी आहे, तेव्हा आधी जुने काढून बघायला हवेत, झीज कुठे आहे ते. येत्या रविवारी ती गाडी घेऊन येणार आहे. वर्तमानपत्र, खडू आणि भिंग काढून ठेवलंय.